पांढरी शीर: रेशमावरच्या इंकजेट छपाईच्या नोंदी

४ जून

काम सुरू केलं. नमुना एका पानाचा आहे. पार्श्वभूमी जवळजवळ काळी, पान गडद हिरवं आणि पानाच्या शिरा कोऱ्या सोडलेल्या. म्हणजे शिरेवर शाई पडतच नाही, कापडाचा स्वतःचा पांढरा रंगच शीर होतो. सगळ्यात बारीक शीर अर्धा मिलिमीटर रुंद. कागदावर ती स्वच्छ येते. रेशमावरही तशीच यायला हवी, आणि काळा फिका पडू न देता.

कापडं दोन घेतली आहेत: ८ मॉमीचं साध्या विणीचं हाबोताई आणि १६ मॉमीचं सॅटिन. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम, त्यामुळे पहिलं साधारण ३५ ग्रॅमचं आणि दुसरं ६९ ग्रॅमचं. शाई रिॲक्टिव्ह रंगांची, म्हणजे तंतूशी रासायनिक बंध जोडून बसणाऱ्या रंगांची.

तुलनेसाठी आज काहीही न लावलेल्या हाबोताईवर छापलं. शाई पडताक्षणी धाग्यांतून पळाली. अर्ध्या मिलिमीटरच्या शिरेतलं जेमतेम ०.२ उरलं, तेही तुटक. बाण्याच्या दिशेने जाणाऱ्या शिरा जास्त बुजल्या, कारण त्यांना ओलांडून जाणारे ताण्याचे धागे दोन्ही काठांवरची शाई आत ओढून आणतात. रंग बसवण्यासाठी वाफ देऊन धुतल्यावर तर काळ्याचा राखाडी झाला. बाकीचा रंग पाण्याबरोबर गेला.

असं का होतं, ते सुरुवातीलाच लिहून ठेवते. स्क्रीनच्या छपाईत रंग, खळ, सोडा, युरिया सगळं एकाच लगद्यात असतं. इंकजेटमध्ये तसं करता येत नाही. नोझलमधून जायचं तर शाई पातळच हवी, तेव्हा खळ बाद. सोडा शाईत घातला तर रंग बाटलीतच पाण्याशी अभिक्रिया करून निकामी होतो, तेव्हा सोडाही बाद. मग शाईला जे सोबत नेता येत नाही, ते आधीच कापडात भरून ठेवावं लागतं. पूर्वप्रक्रिया म्हणजे छपाईच्या लगद्यातला रंग सोडून उरलेला सगळा भाग.

७ जून

आज फक्त हिशेब. १० पिकोलिटरच्या थेंबाचा व्यास सुमारे २७ मायक्रॉन भरतो. रेशमाचा एक तंतू साधारण १० ते १३ मायक्रॉनचा. म्हणजे थेंब जेमतेम दोन-अडीच तंतूंएवढा रुंद. कापडावर पडला की तो पृष्ठभागावर बसत नाही, तंतूंमधल्या फटीत बसतो, आणि फट म्हणजे केशनळीच.

दुसरा हिशेब शाईच्या ओझ्याचा. ७२० बाय ७२० डीपीआयला, म्हणजे इंचाला दोन्ही दिशांनी ७२० ठिपके असताना, प्रत्येक ठिपक्यावर १० पिकोलिटरचा एकच थेंब धरला, तर एका रंगाची चौरस मीटरला सुमारे ८ मिलीलिटर शाई पडते. काळा खोल यावा म्हणून खाली निळा दिला की १६. ३५ ग्रॅमच्या कापडावर १६ मिलीलिटर! कापडाच्या जवळजवळ निम्म्या वजनाची शाई. सॅटिनला तेवढीच शाई पाव वजनाहूनही कमी पडते. एकच फाइल दोन कापडांवर सारखी येणं शक्य नव्हतं, हे छापण्याआधी मांडायला हवं होतं.

९ जून

कापड आधी स्वच्छ असलं पाहिजे. कच्च्या रेशमात फायब्रॉइनचे, म्हणजे रेशमाच्या मूळ प्रथिनाचे, दोन तंतू सेरिसिनच्या डिंकाने चिकटलेले असतात आणि हा डिंक वजनाच्या २० ते ३० टक्के भरतो. आमचा तागा डिंक काढलेला म्हणूनच आला होता. तरी सर म्हणाले, "आधी पाण्याचा थेंब टाकून बघ, मग विश्वास ठेव."

पन्ह्यावर दर १० सेंटिमीटरला एक थेंब टाकला. मधल्या पट्ट्यात तो लगेच शोषला गेला. एका काठाकडे ८-९ सेकंद मण्यासारखा बसून राहिला. त्या काठाला डिंक तरी उरला असणार किंवा साबण. अशा कापडावर पूर्वप्रक्रियेचं द्रावणही असमान बसलं असतं आणि पुढे महिनाभर मी कृतीतले आकडे बदलत बसले असते. सौम्य नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेल्या) साबणाने ६० अंशांवर पुन्हा धुतलं, मऊ पाण्यात तीनदा खंगाळलं. आता थेंब सगळीकडे सारखा शोषला जातो. यापुढे प्रत्येक तुकड्याला ही चाचणी, आणि हातमोजे घातल्याशिवाय कापडाला हात नाही.

१२ जून

खळीसाठी अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा डिंक) भिजवलं आणि वाया गेलं. घोटल्यावर भांड्यात जेलीच्या गाठी. कारण पाणी: आज घाईत नळाचं घेतलं होतं. सोडिअम अल्जिनेटला कॅल्शिअम भेटलं की ते जेल होतं, जड पाण्यात तर हमखास. दुपारी डिस्टिल्ड पाणी घेतलं, कॅल्शिअमला बांधून ठेवणारं थोडं सोडिअम हेक्झामेटाफॉस्फेट टाकलं, जोरात ढवळत चिमटीचिमटीने पूड सोडली आणि रात्रभर मुरायला ठेवलं.

साधी स्टार्चची खळ का चालत नाही, तेही लिहिते. रिॲक्टिव्ह रंग हायड्रॉक्सिल गटाशी अभिक्रिया करतो. स्टार्चमध्ये ते गट भरपूर आणि सहज हाती लागणारे असतात, म्हणून रंग रेशमाऐवजी खळीलाच चिकटतो आणि धुताना खळीबरोबर निघून जातो. जी थोडी खळ उरते ती कापड कडक करते. अल्जिनेटमध्ये प्राथमिक हायड्रॉक्सिल गट नाहीत, शिवाय त्याचे कार्बॉक्सिल गट ऋणभारित असल्यामुळे तसाच ऋणभार असलेल्या रंगाला दूर ठेवतात. शाई जागच्या जागी थोपवायची पण तिच्याशी नातं जोडायचं नाही, हे अल्जिनेटला जमतं.

१६ जून

पहिलं पॅडिंग, म्हणजे कापड द्रावणात भिजवून रोलरांतून पिळून काढणं. दर किलो द्रावणात अल्जिनेट १५ ग्रॅम, खायचा सोडा २० ग्रॅम, युरिया १०० ग्रॅम, रेझिस्ट सॉल्ट १० ग्रॅम. हे शेवटचं सौम्य ऑक्सिडीकारक आहे. वाफेत रंगाचं क्षपण होऊन तो फिका पडू नये म्हणून घालतात.

हाबोताईचा ४० ग्रॅमचा तुकडा पॅडरच्या रोलरांतून पिळून निघाल्यावर ६९ ग्रॅम झाला, म्हणजे पिकअप (कोरड्या वजनाच्या तुलनेत कापडाने उचललेलं द्रावण) ७२.५ टक्के. सॅटिनचा ८५ टक्क्यांपर्यंत गेला. हे लक्षात घेण्यासारखं आहे. भांड्यात युरिया १० टक्के, पण हाबोताईवर कोरड्या वजनाच्या ७.२५ टक्के आणि सॅटिनवर ८.५. कृतीत लिहिलेला आकडा भांड्यातला असतो, छपाईला लागतो तो कापडावरचा. पिकअप न लिहिता नुसती कृती वहीत उतरवण्यात अर्थ नाही. आजपासून दोन्ही लिहायचं.

एक चूक झाली. तुकडे दोरीवर उभे वाळत घातले. वाळेपर्यंत द्रावण खाली ओघळलं. छापल्यावर खालची कड काळीभोर आणि वरची फिकट, एकाच तुकड्यात. आता लाकडी चौकटीवर ताणून आडवं वाळवायचं.

१९ जून

चौकटीवर वाळवलेल्या हाबोताईवर छपाई. मशीनमधून कापड बाहेर येताना पाहून फार बरं वाटलं. शीर भिंगाखाली ०.४५ मिलिमीटर, काठ सुईसारखे. अल्जिनेटने तंतूंमधल्या फटी भरल्या होत्या. शाई पडली तिथेच दाट झाली आणि पळायला वाट उरली नाही.

मग १०२ अंशांच्या संपृक्त वाफेत १० मिनिटं, धुणं, वाळवणं. आणि शीर ०.२८.

संध्याकाळपर्यंत मी अल्जिनेट वाढवायच्या विचारात होते. सरांनी एकच विचारलं, "शीर नक्की कुठे बुजली? वाफेच्या आधी मोजलीस, धुतल्यावर मोजलीस. मधे?"

मधे मोजलीच नव्हती.

२० जून

आज तीनदा मोजली: छापल्यावर ०.४५, वाफेनंतर ०.२८, धुतल्यावर ०.२८. रुंदीचा सगळा तोटा वाफेत झाला. धुण्याने रुंदी बदलली नाही, पण शिरेत करडी झाक आली. तो वेगळा आजार, त्याच्याकडे नंतर बघू.

स्टीमर सांभाळणाऱ्या काकांना हे दाखवलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "ताई, कापड आत गेल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात काय ते ठरतं. गार कापडावर वाफेचं पाणी होतं. ते पाणी कापडाने पुरेसं धरलं तर रंग बसतो, जास्त धरलं तर रंग चालायला लागतो."

पाणी धरायचं काम युरियाचं. तो वाफेतला ओलावा खेचतो, त्या ओलाव्यात वाळलेला रंग पुन्हा विरघळतो, तंतू फुगतो आणि रंग आत शिरून फायब्रॉइनच्या अमिनो गटांना पकडतो. हा ओलावा नसेल तर रंग पृष्ठभागावरच पडून राहील आणि धुपेल. पण विरघळलेला रंग तंतूच्या आतच जाईल असं थोडंच आहे, तो शेजारीही जातो. म्हणजे शीर दोन वेळा बुजू शकते. छापताना खळ कमी पडल्यामुळे, आणि वाफेत पाणी जास्त झाल्यामुळे. पहिल्यावर अल्जिनेट हा इलाज आहे. दुसऱ्यासाठी मी अल्जिनेट वाढवत राहिले असते तर शाई आत शिरायलाच अडखळली असती आणि काळा फिका झाला असता.

२४ ते २७ जून

हाबोताईवर युरियाची मालिका. बाकी सगळं तेच, पिकअप ७२ ते ७३ टक्के. रंगाची खोली केएस मूल्याने मोजली; मूल्य जितकं मोठं तितका रंग खोल. कुबेल्का आणि मुंक यांचं १९३१ चं सूत्र: एकमधून परावर्तन वजा करायचं, त्याचा वर्ग करायचा आणि परावर्तनाच्या दुपटीने भागायचं. परावर्तन १० टक्के असेल तर ४.०५ येतं, ५ टक्के असेल तर ९ च्या थोडं वर. डोळ्याला दोन्ही काळेच दिसतात, म्हणून नुसत्या डोळ्याने काळा ठरवायचा नाही.

युरिया शून्य: केएस ६, शीर ०.४३. शीर सुंदर, काळा मेलेला.

किलोला ५० ग्रॅम: केएस १०, शीर ०.३९.

१०० ग्रॅम: केएस १२.५, शीर ०.२८.

१५० ग्रॅम: केएस १२.६, शीर ०.१५ आणि मधेमधे तुटलेली. मागच्या बाजूलाही रंग उतरला.

५० ते १०० मध्ये काळा अजून वाढतो, १०० च्या पुढे काहीच हाती लागत नाही आणि शीर मात्र मरते. मग ६० आणि ७५ वर पुन्हा दोन तुकडे केले. ६० ला केएस ११ आणि शीर ०.३७. याने माझं समाधान झालं. शिवाय जितका युरिया कापडावर, तितका नायट्रोजन धुण्याच्या पाण्यातून बाहेर जातो. तो कमी झाला हे या चार दिवसांतलं मला सगळ्यात आवडलेलं फळ.

३ जुलै

६० ग्रॅमचीच कृती, तोच तागा, तोच स्टीमर, आणि शीर आज ०.२६. दोन तास काहीच उमगेना. पॅडरचा दाब तपासला, स्टीमरचा पारा तपासला, शाई हलवून पाहिली.

बाहेर दिवसभर पाऊस आहे. पॅड केलेले तुकडे कालपासून टेबलावर उघडे पडले होते. एक तुकडा तराजूत टाकला तर परवाच्या कोरड्या वजनापेक्षा ठळक जड. युरिया हवेतला ओलावा घेतोच. साधारण ३० अंशांना हवेची सापेक्ष आर्द्रता ७०-७५ टक्क्यांच्या वर गेली की तो स्वतः विरघळायला लागतो. खोलीतल्या आर्द्रतामापकावर आकडा होता ८१. म्हणजे कापड वाफेत जाण्याआधीच अर्धं ओलं होतं आणि छापतानाही खळ मऊ पडलेली होती. मोजलं तर छापल्याबरोबरच शीर ०.४० होती, ०.४५ नाही.

उरलेले तुकडे ७० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं ठेवले, गार झाल्याबरोबर छापले. शीर ०.३६.

म्हणून नवा नियम: पॅड केलेलं कापड वाळलं की लगेच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद, छपाईच्या दिवशीच उघडायचं, आणि छपाईच्या खोलीची आर्द्रता नोंदीत लिहायची. गेल्या महिन्याच्या नोंदींत ती नाही याचं आता वाईट वाटतं. २४ ते २७ जूनचे आकडे कोरड्या दिवसांचे आहेत एवढंच मला आठवणीने सांगता येतं.

८ जुलै

वाळवण्याची गरमी. घाई म्हणून काही तुकडे १२० अंशांवर वाळवले. पांढरा पिवळसर झाला. थोडा, पण आमची शीर म्हणजे कापडाचाच पांढरा, त्यामुळे लगेच डोळ्यांत भरतो.

इथे दोन गोष्टी एकदम घडतात. युरिया असलेलं कापड कोरड्या गरमीत पिवळं पडतं. आणि खायचा सोडा तापला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सोडून धुण्याच्या सोड्यात बदलतो. पहिल्याच्या द्रावणाचा पीएच आठच्या आसपास, दुसऱ्याचा अकराकडे जाणारा. वाफेत हा बदल व्हायला हवाच, त्यातूनच रंगाला लागणारी अल्कली मिळते. पण तो वाळवतानाच उरकला तर कापड पिशवीत पडल्यापडल्या अल्कलीत राहतं, आणि रेशमाला तीव्र अल्कली सोसत नाही. सुती कापडाच्या कृतीत थेट धुण्याचा सोडा असतो, ती कृती उचलून रेशमाला लावू नये ती याचमुळे. आता वाळवणं ७० अंशांवर, पंख्याच्या हवेत.

१४ जुलै

कापडाला धनभार देऊन बघायचं होतं. काइटोसन (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनणारा, आम्लात धनभारित होणारा पदार्थ) सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून पॅड केलं. रंग ऋणभारित, कापड धनभारित, त्यामुळे शाई पडताक्षणी जागेवर धरली जाते. काळा खरंच खोल आला, केएस १४ च्या वर, आणि वाफेनंतरही शीर ०.४१.

पण धुताना सुटलेला जादा रंग त्याच धनभाराने शिरेत ओढला गेला. रुंदी उत्तम आणि रंग करडा-निळा. दोनदा साबणाने धुऊनही गेला नाही. ज्या नमुन्यात पांढरं सोडलेलंच नाही तिथे ही वाट चांगली आहे. आमच्या पानाला नाही.

१५ जुलै

सरांच्या सांगण्यावरून ॲसिड रंगांच्या शाईचा एक तुकडा. इथे पूर्वप्रक्रिया उलटी: सोड्याऐवजी अमोनिअम सल्फेट. वाफेत अमोनिया उडून जातो, आम्ल मागे उरतं, रेशमाच्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि रंग त्याला धरतो. आम्लात अल्जिनेट साकळतं, म्हणून गवारीच्या डिंकाचं संस्कारित रूप घेतलं. वाफ ४० मिनिटं. लाल आणि फिरोजी फार तेजस्वी आले, रिॲक्टिव्हमध्ये तसे येत नाहीत. पण धुलाईत रंग टिकवायला वरून फिक्सर द्यावं लागतं. आपलं काम रिॲक्टिव्हवरच पुढे न्यायचं.

२१ जुलै

आता शिरेतली करडी झाक. २० जूनला बाजूला ठेवलेला आजार.

आतापर्यंत तुकडे वाफेतून काढून थेट ६० अंशांच्या साबणपाण्यात टाकत होते. तिथे एकदम सगळं सुटतं: न बसलेला रंग, सोडा, खळ. त्यातला जो रंग अजून पाण्याशी अभिक्रिया होऊन निकामी झालेला नाही, त्याला गरम अल्कली मिळते आणि तो शिरेतल्या कोऱ्या रेशमाशी पक्का बांधला जातो. एकदा बांधला की कितीही धुवा, जाणार नाही, कारण तो डाग नसतो, छपाईच असते.

क्रम बदलला. आधी वाहत्या गार पाण्यात, कापड सतत हलवत, पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत. मग ४० अंशांचं पाणी. मग ६० अंशांना नॉन-आयॉनिक साबण, भरपूर पाण्यात. शेवटी गार पाणी आणि थेंबभर ॲसेटिक आम्ल. शीर पांढरी निघाली. गार पाण्यात खळही सावकाश फुगून पूर्ण निघते, त्यामुळे कापड हाताला पुन्हा रेशमासारखं लागतं. आधीचे तुकडे कागदासारखे का लागत होते ते आज कळलं.

धुलाईच्या चाचणीत जोडकापडावरचा (सोबत शिवून धुतलेल्या पांढऱ्या कापडावरचा) डाग करड्या पट्टीवर ४-५; या पट्टीवर ५ म्हणजे डागच नाही. ओल्या घासणीला ४.

२८ जुलै

पूर्ण पान, दोन्ही कापडांवर.

हाबोताई: अल्जिनेट १५, खायचा सोडा २०, युरिया ६०, रेझिस्ट सॉल्ट १०, पिकअप ७३. खोलीची आर्द्रता ५८. काळ्याखालचा निळा निम्मा केला, म्हणजे शाईचं ओझं चौरस मीटरला १६ वरून सुमारे १२ मिलीलिटरवर आलं. शीर छापल्यावर ०.४६, वाफेनंतर ०.४०, धुतल्यावर ०.४०. केएस १०.८.

सॅटिन: युरिया ९०, पिकअप ८४, निळा पूर्ण. शीर ०.४२, केएस १३. जाड कापडाला जास्त युरिया सोसतो, कारण शाईला खोलीत जायला जागा आहे. मात्र बाण्याच्या दिशेच्या शिरा अजूनही ताण्याच्या दिशेच्या शिरांपेक्षा किंचित अरुंद येतात. फाइलमध्येच त्या ०.५५ करून बघायच्या.

काकांना हाबोताईचा तुकडा उजेडासमोर धरून दाखवला. त्यांनी पान पाहिलंच नाही. पाठ उलटून आधी रंग कुठे उतरला आहे का ते पाहिलं, मग बोटांनी कापड चुरगाळून त्याचा आवाज ऐकला.

६ तारखेला पॅड करून हवाबंद ठेवलेले चार तुकडे अजून पिशवीत आहेत. एक आज उघडला, छापला, शीर ०.३९. दुसरा ११ ऑगस्टला, उरलेले दोन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पिशव्यांवर तारीख, पिकअप आणि बंद करतानाचं वजन लिहून ठेवलं आहे.